निळी बाटली, काळा बोळ आणि झोपवलेली बाळं

परवा दुपारी दुकानात गर्दी नव्हती तेव्हा एक बाई आली, पंचविशीची असेल, कडेवर सहा-सात महिन्यांचं पोर, आणि अगदी हळू आवाजात विचारलं की ताई, बाळाला रात्री नीट झोप लागेल असं काही सिरप मिळेल का, शेजारीण म्हणाली सर्दीचं औषध दिलं की गाढ झोपतं. मेडिकलच्या काउंटरवर मला आता वीस वर्षं होतील आणि हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की मोजदाद नाही. मी औषध दिलं नाही, एवढ्या लहान बाळाला त्याने श्वास मंद होऊ शकतो हे समजावून सांगितलं, डॉक्टरांकडे पाठवलं. पण ती गेल्यावर तिच्या डोळ्याखालची काळी वर्तुळं काही माझ्या नजरेसमोरून हलेनात. सकाळी सातला कामाला जायचं असतं म्हणाली.

काउंटरवर कॅल्क्युलेटरच्या बाजूला एक निळी बाटली ठेवलेली असते माझ्या, गिऱ्हाईकं विचारतात ही कसली म्हणून. त्या दिवशी ती हातात घेतली आणि ठरवलं की आता लिहायचंच.

बाटली इंग्लंडमधल्या लीड्सची. धाकटी बहीण तिकडे असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा एका रविवारी ती मला कार बूट सेलला घेऊन गेली, म्हणजे मैदानात गाड्या उभ्या करून लोक डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार. तिथे एका आजोबांकडे चिनी मातीच्या बरण्या, जुने चमचे यांच्यात ही होती, तीन पौंडाला घेतली. माझ्या बोटाएवढी उंच, सहा बाजूंची, गडद निळी, शाईसारखी. काचेत एक बारीक हवेचा बुडबुडा अडकलाय. तीन बाजू गुळगुळीत आणि तीन बाजूंना उभ्या उभ्या धारा, अंगठा फिरवला की कंगव्यावरून फिरवल्यासारखा खरखरतो, आणि मधल्या बाजूवर काचेतच उठावाची अक्षरं, नॉट टू बी टेकन. पोटात घ्यायचं नाही. त्या धारा शोभेच्या नाहीत. घरात वीज नव्हती, रात्री मेणबत्तीच्या उजेडात किंवा पार अंधारात फळीवरची बाटली चाचपडून घ्यायची, आणि खोकल्याचं औषध नि विष एकाच फळीवर असायचं, शिवाय कितीतरी लोकांना वाचता येत नव्हतं. म्हणून बोटांना कळावं की ही ती नव्हे. ज्याने कोणी हे पहिल्यांदा सुचवलं असेल त्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो, कारण त्याने न वाचता येणाऱ्या माणसाचा विचार केला.

लीड्सला थॅकरे म्युझियम ऑफ मेडिसिन आहे, पूर्वीच्या वर्कहाउसच्या इमारतीत, म्हणजे गरिबांना ठेवायचे ती जागा. तिथे मी दोन दिवस गेले, बहीण कंटाळली पण मी गेले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं म्हणजे 1837 ते 1901 मधलं केमिस्टचं दुकान कसं असायचं हे डोळ्यासमोर आणायचं तर आधी खिडकी बघा, काचेचे मोठमोठे फुगीर कुंभ, त्यात लाल हिरवं निळं पाणी, मागे दिवा, लांबून दिसायचं की इथे औषधवाला आहे. आत भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर लॅटिन नाव. चिनी मातीच्या बरणीत जळवा, झाकणाला भोकं. काउंटरवर पितळी तराजू, खलबत्ता. आणि गोळ्या करायचं यंत्र, ते बघताना मी खूप वेळ उभी राहिले कारण ते अगदी आपल्या स्वयंपाकघरातलं वाटतं. औषधाची पूड खलात चिकट पदार्थ घालून मळायची, चकलीच्या पिठासारखा घट्ट गोळा व्हायला हवा, मग तो लाकडी पाटावर वळून लांब सारखी वळी करायची, ती पितळी खाचांवर आडवी ठेवायची, वरून तसल्याच खाचांची फळी दाबून पुढे-मागे करायची, की एका झटक्यात वीसेक गोळ्या तुटतात. मग एका गोल लाकडी झाकणाखाली फिरवून त्या गोलसर करायच्या. पैसेवाल्या गिऱ्हाइकाच्या गोळ्यांना चांदीचा वर्ख, हो, आपण काजूकतलीला लावतो तोच.

टूथपेस्टसुद्धा तिथेच मिळायची, ट्यूबमध्ये नाही, चिनी मातीच्या चपट्या डबीत, झाकणावर सुंदर छापकाम. यातली एक फार खपायची ती होती अरेका नट टूथ पेस्ट. अरेका नट म्हणजे सुपारी! सुपारीची पूड किंवा कोळसा घातलेली पेस्ट. आमची आजी सुपारी आणि बदामाची टरफलं जाळून राखुंडी करायची, ती तिकडे राणीच्या राज्यात रंगीत झाकणाच्या डबीतून विकली जात होती हे बघून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दुसरी गंमत म्हणजे केसांचं मकॅसर तेल, रोलंड्स नावाचं, पुरुष इतकं चोपडायचे की खुर्चीच्या पाठी तेलकट व्हायच्या, म्हणून बायकांनी पाठीवर विणलेली फडकी घालायला सुरुवात केली आणि त्या फडक्याचं नावच पडलं अँटिमकॅसर. आपल्या सोफ्यांवर अजून असतात ना क्रोशाची, तीच.

पण खरा पैसा या सगळ्यात नव्हता, तो होता पेटंट औषधांत, म्हणजे छापील नावाने विकल्या जाणाऱ्या तयार औषधांत. आणि पहिली गोष्ट म्हणजे यातल्या बहुतेकांना पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते सरकारला लिहून द्यावं लागतं आणि तेच तर कोणाला सांगायचं नव्हतं. त्यामुळे नाव पेटंट आणि धंदा सगळा गुपिताचा. त्यात अजून एक गोष्ट होती ती म्हणजे स्टॅम्प. अशा औषधांवर सरकारचा कर होता, एक शिलिंगच्या डबीवर दीड पेनी, आणि कर भरल्याची खूण म्हणून डबीवर सरकारी छापाची कागदी पट्टी चिकटवायची, ती फाडल्याशिवाय डबी उघडायची नाही. आता सांगा, साध्या माणसाला काय वाटणार? सरकारचा शिक्का आहे म्हणजे सरकारने तपासलेलंच असणार. पुढे पुढे त्या पट्टीवर छापावं लागलं की सरकार याची हमी देत नाही, पण तोवर लोकांच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं. कर घेणारा हात सरकारचा आणि तपासणारा हात कुणाचाच नाही, याचा मला आजही राग येतो.

सगळ्यात गाजलेल्या गोळ्या बीचमच्या. थॉमस बीचम, जन्म 1820, लहानपणी मेंढ्या राखायचा, मग बाजारात फिरून गोळ्या विकायला लागला आणि पुढे सेंट हेलेन्सला त्याचा मोठा कारखाना झाला, घड्याळाच्या मनोऱ्यासकट. जाहिरात अशी की या डबीची किंमत एक गिनी आहे, म्हणजे 21 शिलिंग, आणि आम्ही देतोय एक शिलिंग दीड पेनीला. पित्त, डोकेदुखी, चक्कर, भूक न लागणं, बायकांच्या तक्रारी, सगळ्यावर एकच गोळी. 1909 मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशी गुपित औषधं विकत आणून लॅबमध्ये तपासली आणि निकाल पुस्तकात छापले. बीचमच्या गोळीत काय निघालं? कोरफडीचा वाळवलेला रस, सुंठ आणि साबण. कोरफडीचा वाळवलेला रस म्हणजे आपला काळा बोळ हो, काष्ठौषधींच्या दुकानात पुडीत मिळतो तो. काळा बोळ आणि सुंठ, थोडा साबण गोळी बांधायला. 56 गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत त्यांनी काढली अर्धा फार्दिंग. शिलिंगच्या 12 पेनी आणि पेनीचे चार फार्दिंग, म्हणजे हिशोब केला तर विक्रीची किंमत मालाच्या 108 पट. गोळीने पोट साफ व्हायचं हे खरं, काळा बोळ जुलाबाचंच औषध आहे, त्यामुळे लोकांना काहीतरी होतंय असं वाटायचं, आणि पाव, बटाटे नि चहावर दिवस काढणाऱ्या कामगाराला बद्धकोष्ठ असणारच, त्याला खरंच बरं वाटत असेल. माझा राग गोळीवर नाही. आत काय आहे ते न सांगण्यावर आहे आणि गर्भारशी बाईच्या हातात जुलाबाची गोळी सर्व रोगांवरचा उपाय म्हणून देण्यावर आहे. (ती बीचम कंपनी पुढे फार मोठी झाली, 1938 मध्ये इनो पण त्यांनीच घेतलं, न्यूकॅसलच्या ज्या केमिस्टने ते फ्रूट सॉल्ट काढलं त्याचं आडनाव इनो होतं. आपल्याला वाटतं ते नुसतं ब्रँडचं नाव आहे.)

बीचमच्या आधी होता थॉमस हॉलोवे. 1837 ला मलम काढलं, मग गोळ्या, जाहिरातींवर इतका खर्च केला की कर्जापायी तुरुंगात जाऊन आला, बाहेर आल्यावर पुन्हा जाहिरातीच केल्या आणि शेवटी वर्षाला 50,000 पौंड जाहिरातींवर घालू लागला. औषध कसं घ्यायचं त्याचे कागद चिनी, अरबी आणि हिंदुस्थानातल्या कितीतरी भाषांत छापलेले. मूलबाळ नव्हतं, मग त्या पैशातून लंडनजवळच्या एगमला मुलींसाठी राजवाड्यासारखं कॉलेज बांधलं, ते 1886 मध्ये स्वतः राणीने येऊन उघडलं, तो आधीच 1883 ला गेला होता. मला या माणसाबद्दल एकच एक मत बनवता येत नाही. मलमाने कुणाचा मूळव्याध बरा झाला नसेल पण ज्या काळात मुलींना डिग्रीचं शिक्षण फारसं कुणी देत नव्हतं तेव्हा त्याने एवढं मोठं कॉलेज दिलं. आपल्या मुंबईतही आहेच की, जे. जे. हॉस्पिटल 1845 मध्ये उभं राहिलं ते ज्यांच्या देणगीतून, त्या जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापूस आणि अफूच्या चीन व्यापारातली. तिथे आजवर किती गरिबांचे जीव वाचले असतील.

अफूवरून आठवलं, आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येते.

त्या काळात इंग्लंडमध्ये अफू वाण्याच्या दुकानात मिळायची. अगदी साबण-मेणबत्त्यांच्या शेजारी. दारूत विरघळवलेल्या अफूला लॉडनम म्हणायचे, ती दारूपेक्षा स्वस्त पडायची. आणि एक समजूत दुरुस्त करते, ती अफू बहुतेक तुर्कस्तानातून यायची, आपल्याकडची माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. केंब्रिजच्या वरच्या दलदलीच्या भागात, तिकडे फेन्स म्हणतात, हिवताप कायमचा, सांधे दुखायचे, तिथली शेतमजूर माणसं खसखशीच्या बोंडांचा काढा रोजचा चहा प्यावा तसा प्यायची. फार्मासिस्ट म्हणून सांगते, अफू खोटं औषध नव्हतं. दुखणं थांबवते, खोकला दाबते, आतड्याची हालचाल मंद करून जुलाब थांबवते, म्हणजे गरिबाच्या घरातल्या तीन मुख्य तक्रारी एकाच बाटलीत. आज आपण जुलाबाला लोपेरामाइडची गोळी देतो ती आतड्यातल्या अगदी त्याच जागांवर काम करते, फक्त ती डोक्यापर्यंत पोचत नाही एवढीच काय ती सुधारणा, पण केवढी मोठी.

म्हणूनच क्लोरोडाइन खपलं. हे औषध आपल्या देशाशी जोडलेलं आहे. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन नावाचा ब्रिटिश लष्करी डॉक्टर हिंदुस्थानात असताना 1848 च्या सुमारास त्याने हे मिश्रण पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, म्हणून बनवलं. अफू, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क. 1854 मध्ये तो सुट्टीवर असताना डरहॅमकडच्या ट्रिमडन गावात पटकी आली तेव्हा तिथे जाऊन वापरलं, मग लंडनच्या डेव्हनपोर्ट नावाच्या केमिस्टबरोबर विकायला काढलं, आणि तिथून ते मुंबईच्या इंग्रजी पेपरांतल्या जाहिरातींपर्यंत आलं, प्रवासाला निघालेल्या प्रत्येक साहेबाच्या पेटीत असायचं. नकला इतक्या झाल्या की 1864 ला कोर्टात केस झाली आणि न्यायाधीशांनी सांगितलं की क्लोरोडाइन ब्राउननेच शोधलं, ते वाक्य पुढे वर्षानुवर्षं जाहिरातीत छापत राहिले. आता बघा, त्याच 1854 मध्ये लंडनला डॉ. जॉन स्नो ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं पाणी पिऊन माणसं मरतायत हे दाखवत होता. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्याने. क्लोरोडाइनने कळा थांबायच्या, जुलाब कमी झाल्यासारखे वाटायचे, झोप लागायची, पण गेलेलं पाणी परत येत नव्हतं. आज दोन रुपयांचं मीठ-साखर-पाणी जे करतं ते त्या महागड्या बाटलीत नव्हतं. आणि सवय लागायची ती वेगळीच, लोक दिवसाला बाटल्याच्या बाटल्या रिचवायचे, जास्त झाल्याने मेल्याच्या बातम्या यायच्या. 1868 च्या फार्मसी कायद्याने अफू विषाच्या यादीत घातली पण पेटंट औषधांना त्यातून सूट! अफू सुटी घेतली तर विष आणि छापील नावाच्या बाटलीत घेतली तर नाही. 1892 मध्ये क्लोरोडाइनवाल्यांवर खटला होऊन मग कुठे बाटलीवर विष असं लिहायला लागलं.

तो 1868 चा कायदा तरी कशामुळे आला, तर त्यामागे पेपरमिंटच्या गोळ्या आहेत. 1858, ब्रॅडफर्ड, लीड्सच्या शेजारीच. साखर महाग म्हणून मिठाईवाले त्यात प्लास्टर ऑफ पॅरिससारखी पांढरी भुकटी मिसळायचे. एकाने ती आणायला माणूस पाठवला, केमिस्ट आजारी, नोकराने एका पिंपातून 12 पौंड पांढरी पूड मोजून दिली. ते आर्सेनिक होतं, सोमल. दोन पांढऱ्या पुडी आणि पिंपावर धड लेबल नाही. शनिवारच्या बाजारात गोळ्या विकल्या गेल्या, 200 वर माणसं आजारी पडली आणि 20 च्या आसपास मेली, त्यात लहान मुलं. मुद्दाम कुणीच केलं नव्हतं, आणि शिक्षाही कुणाला झाली नाही. मी हे वाचलं त्या रात्री दुकान बंद करायच्या आधी सगळी कपाटं परत बघितली.

आणि गॉडफ्रेज कॉर्डियल. हे लिहायला मला जड जातंय.

काकवी, पाणी, मसाले आणि अफू. बाळांसाठी. गावोगावी केमिस्ट आपापल्या हाताने बनवायचे, त्यामुळे एकाचं फिकं, दुसऱ्याचं जहाल, आणि अफू खाली बसते, म्हणजे बाटलीतला शेवटचा चमचा सगळ्यात कडक. शेक वेल बिफोर यूज हे चार शब्द आम्हाला डी. फार्मच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक लेबलवर लिहायला लावायचे, मार्क कापायचे नाही लिहिले तर, तेव्हा चिडायचो, आता कळतं. नॉटिंगहॅम, मँचेस्टर, कापडाच्या गिरण्यांची गावं. आई बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच गिरणीत, सकाळपासून रात्रीपर्यंत, बाळ एखाद्या म्हातारीकडे, तिच्याकडे अशी चार-पाच पोरं, ती सगळ्यांना चमचा चमचा द्यायची आणि पोरं गप्प पडून राहायची. त्या औषधाला लोक बोलीत शांतताच म्हणायचे. झोपलेलं बाळ रडत नाही, आणि जे रडत नाही त्याला दूध कोण पाजणार, अफूने भूकही मरते. 1864 मध्ये डॉ. हंटर यांनी सरकारसाठी ग्रामीण भागातल्या बाळांच्या मृत्यूंवर रिपोर्ट दिला, त्यात अशा बाळांचं वर्णन आहे की ती आक्रसून छोट्या म्हाताऱ्यांसारखी दिसायची. मृत्यूच्या नोंदीत अफू यायचीच नाही, यायची अशक्तता किंवा आकडी. त्या आयांना वाईट म्हणणारे लेख तेव्हाही खूप आले, मोठ्या घरातल्या लोकांनी लिहिलेले, ज्यांच्या मुलांना दाया होत्या आणि त्या दायाही हेच द्यायच्या. मला त्या आईचं काहीच चुकलं असं म्हणवत नाही. बाटलीवर अफू लिहिलेलं नव्हतं. आणि लिहिलं असतं तरी दुसऱ्या दिवशी भोंगा वाजायचाच होता.

याच नॉटिंगहॅमला एक विल्यम वुडवर्ड नावाचा केमिस्ट होता आणि त्याने 1851 मध्ये ग्राइप वॉटर काढलं. हो, तेच, आपल्या प्रत्येकाच्या घरात होतं ते. फेन्समधल्या तापाच्या मुलांना द्यायच्या औषधावरून त्याला सुचलं असं सांगतात. त्यात होतं शेपूचं तेल, खायचा सोडा, साखर, पाणी आणि थोडी दारू. दारू होती हे खरं, ती पुढे कधीतरी काढली आणि बरं झालं. पण अफू नव्हती! ज्या गावात बाळांना अफू पाजून गप्प करत होते त्याच गावात एका माणसाने अफूशिवायचं औषध विकलं, याचं मोल मला फार वाटतं. आणि शेपूचं बी म्हणजे काय तर बाळंतशोपा. आपल्याकडे बाळंतिणीला जेवण झालं की मुठीत देतात ना ओव्याबरोबर भाजून, आईने खाल्लं की बाळाचं पोट दुखत नाही म्हणून. आजी सहाणेवर गुटी उगाळायची, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, एकेक वेढा, आणि शेजारी ग्राइप वॉटरची बाटली उभी असायची, दोन्हीत तिला काही फरक वाटत नव्हता. वासावरून तिने बरोबर ओळखलं होतं म्हणायचं. (आता लहान बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, गुटी नाही, ग्राइप वॉटर पण नाही, हे मी रोज सांगते आणि इथेही सांगते.)

1909 च्या त्या पुस्तकानंतर लोक जागे झाले, पार्लमेंटने कमिटी नेमली, तिने दोन वर्षं साक्षी घेतल्या आणि रिपोर्ट बाहेर पडला तो दिवस 4 ऑगस्ट 1914. त्याच दिवशी ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं. रिपोर्ट कोण वाचतो. आत काय आहे ते लेबलवर लिहा हा कायदा तिकडे झाला 1941 ला, आणि तो दीड पेनीचा स्टॅम्प पण तेव्हाच गेला. आपल्याकडे ड्रग्ज अ‍ॅक्ट 1940 चा, आणि जादूच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा 1954 चा.

माझ्या वडिलांना गुडघेदुखी होती. कुणीतरी सांगितलं म्हणून लांबच्या गावच्या एकाकडून ते पुड्या आणायचे, मी डी. फार्म करून दुकानात बसलेली असताना, मला न सांगता. कोऱ्या कागदाच्या पुड्या, नाव नाही, बॅच नाही, काही नाही. चार दिवसांत चालायला लागले, देवमाणूस भेटला म्हणायचे. सहा महिन्यांत चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली, मग डॉक्टरांनी पुडी तपासायला पाठवली, त्यात स्टेरॉइड निघालं. अचानक बंद पण करता येत नव्हतं, कमी कमी करत आणायला महिने गेले. त्या कोऱ्या पुडीचा कागद अजून माझ्या डोळ्यासमोर आहे, वहीचा, रेघांचा. गिऱ्हाइकाने स्ट्रिप कापून मागितली की मी नाव आणि एक्सपायरीची बाजू त्याच्याकडे जाईल अशी कापते, एवढ्यावरून माझ्यावर लोक वैतागतात.

लीड्सहून आले तेव्हा सासूबाईंना ही निळी बाटली दाखवली आणि हे सगळं सांगत बसले होते. त्यांचं माहेर लालबागचं, आई गिरणीत, बॉबिन खात्यात. गॉडफ्रेचं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, अगं म्हणजे बाळागोळीच की. मला माहीतच नव्हतं. नंतर शोधलं तर खरंच, मुंबई इलाख्यात अफू घातलेल्या बारीक गोळ्या बाळांना द्यायची पद्धत होती, बाळागोळी नावाने मिळायच्या, आणि 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी मुंबईच्या गिरणी कामगार बायकांची पाहणी केली तेव्हा त्यांच्या रिपोर्टात आलं की 98 टक्के बाळांना अफू दिली जात होती. मँचेस्टरमध्ये त्याला अर्धं शतक होऊन गेलं होतं. तीच यंत्रं, तोच भोंगा.

सासूबाईंची थोरली बहीण, त्यांच्या जन्माआधीची, नऊ महिन्यांची होऊन गेली. घरात कायम असंच सांगितलं जायचं की अशक्त होती, झोपूनच असायची, रडायची नाही कधी, फार गुणी होती. बाटलीच्या धारांवरून अंगठा फिरवत त्या बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, आईला कोणी सांगितलं नसेल गं, आत काय असतं ते.

ती कडेवर पोर घेतलेली बाई काल परत आली होती. बाळाच्या कानात इन्फेक्शन होतं म्हणे, म्हणून रात्रभर रडत होतं. चिठ्ठीवरचं औषध दिलं, बाटलीत उकळून गार केलेलं पाणी कुठवर घालायचं त्या रेघेवर पेनाने खूण करून दिली.